पत्त्यांच्या टेबलावरून : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी 2025च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धांच्या मालिकेतल्या मेन इव्हेंटचा, म्हणजे 10,000 डॉलर फीच्या मुख्य स्पर्धेचा, निकाल दिला होता. लास व्हेगासला जुलैमध्ये संपलेल्या या स्पर्धेत 9,735 जण उतरले, मायकेल मिझराची पहिला आला आणि त्याला 1 कोटी डॉलर मिळाले. त्याच उन्हाळ्यात त्याने 50,000 डॉलर प्रवेश फीची पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिपसुद्धा जिंकली होती, आणि ती चौथ्यांदा. मेन इव्हेंट संपला त्याच रात्री त्याला पोकर हॉल ऑफ फेममध्ये घेतल्याचं जाहीर झालं.

त्यावर बरीच पत्रं आली. या स्पर्धेत मी सहा उन्हाळे डीलर म्हणून पत्ते वाटले आहेत. तेव्हा ती रिओ हॉटेलच्या दालनांत भरायची. बाहेर चाळिशीच्या वर पारा आणि आत इतकी थंडी, की खेळाडू टोप्या चढवून बसायचे. त्या खुर्चीवरून जे दिसलं, त्याच्या आधाराने उत्तरं देते आहे. एका पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. ते वाचल्यावर मला दोन दिवस चैन पडली नाही.

प्रश्न : 9,735 जणांनी प्रत्येकी 10,000 डॉलर भरले, म्हणजे 9 कोटी 73 लाखांवर रक्कम झाली. बक्षिसांची बेरीज मात्र 9 कोटी 5 लाखांच्या आसपास येते. मधले पैसे कुठे गेले?

तुम्ही बेरीज करून पाहिलीत याचा मला फार आनंद झाला. प्रत्येक 10,000 मधले 9,300 डॉलर बक्षिसांच्या गंगाजळीत जातात. उरलेले 700 आयोजकांचे आणि कामगारांचे. आम्हा डीलरांचा मेहनताना त्यातूनच निघायचा. 9,735 गुणिले 9,300 म्हणजे 9,05,35,500 डॉलर. छापलेला आकडा तोच आहे.

पुढची पायरीही करून बघा. बक्षीस मिळालं 1,461 जणांना, आणि त्यांतल्या तळाच्यांना 15,000 डॉलर. उरलेले 8,274 जण हात हलवत गेले. गंगाजळीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग शेवटच्या टेबलावरच्या नऊ जणांतच वाटला गेला : पहिल्याला 1 कोटी, दुसऱ्याला 60 लाख, आणि तिथून उतरत नवव्याला 10 लाख.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ चांगल्या नोकरीत आहे. ऑनलाइन पोकर खेळतो. परवा त्याने मला खेळाडूंच्या कमाईची यादी दाखवली. 'ताई, हा बघ, वर्षाला 20 लाख डॉलर, हा बघ 30 लाख,' असं म्हणत होता. आता त्याला नोकरी सोडायची आहे. आईवडिलांना यातलं काही कळत नाही, ते माझ्या तोंडाकडे बघतात. तुम्ही हे जग आतून पाहिलं आहे. मी त्याला काय सांगू?

ताई, त्याने दाखवलेले आकडे बहुतेक खरे असतील. आधी तेवढं मान्य करा, नाहीतर तो पुढचं ऐकायचा नाही. चूक आकड्यांत नाही, वहीत आहे. जमाखर्चाच्या वहीला दोन पानं असतात. पोकरचे निकाल म्हणजे फक्त जमेचं पान. खर्चाचं पान कोणी छापत नाही.

एक उदाहरण त्याला नक्की सांगा, कारण हे नाव त्याला माहीत असणार. डॅनियल नेग्रानू हा खेळातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. त्याने स्वतःचा वर्षभराचा हिशेब लोकांसमोर ठेवला. फार थोडे खेळाडू असं करतात, आणि मला त्याबद्दल त्याचं मनापासून कौतुक आहे. 2017 साली त्याने स्पर्धांमधून सुमारे 28 लाख डॉलरची बक्षिसं घेतली. भावाने दाखवली तशा यादीत हाच आकडा दिसतो. पण त्या वर्षी भरलेल्या प्रवेश फीची बेरीज त्याहून मोठी निघाली. वर्षाअखेरी तो 86,000 डॉलरच्या आसपास तोट्यात होता. प्रवास, हॉटेल, जेवणखाण त्यात धरलेलंच नाही.

हे कसं घडतं, तेही त्याला समजावा. पुष्कळ स्पर्धांत बाद झाल्यावर पुन्हा फी भरून बसता येतं. एखादा तीनदा फी भरून बसला आणि चौथ्यांदा बक्षीस घेऊन गेला, तर यादीत फक्त बक्षीस येतं. मेन इव्हेंटमध्ये ही सोय नाही, तिथे एकदा बाद झालात की वर्षभर वाट बघायची. बाकीच्या स्पर्धांच्या निकालात 'प्रवेशिका' आणि 'खेळाडू' हे दोन वेगळे आकडे असतात, हे डोक्यात ठेवूनच वाचायला हवं.

दुसरी गोष्ट हिश्श्याची. विजेत्याच्या नावापुढे लिहिलेले पैसे सगळे त्याच्या खिशात जातातच असं नाही. 2003 साली क्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा अकाउंटंट मेन इव्हेंट जिंकला. इंटरनेटवरच्या छोट्या पात्रता स्पर्धेतून तो आला होता. 839 खेळाडू, पहिलं बक्षीस 25 लाख डॉलर. जगभरच्या पोरांनी 'आपणही करू शकतो' म्हणत पत्ते हातात घेतले ते त्या निकालानंतर. पुढच्याच वर्षी 2,576 जण आले, 2006 साली 8,773. पण त्या 25 लाखांत मनीमेकरच्या वडिलांचा आणि एका मित्राचा वाटा होता, कारण लास व्हेगासला जाण्याआधीच त्याने स्वतःचे हिस्से विकले होते. 2006चा विजेता जेमी गोल्ड, 1 कोटी 20 लाख. निम्मी रक्कम आपल्याला कबूल केली होती असं म्हणत एक माणूस कोर्टात गेला आणि शेवटी आपसात तडजोड झाली. परदेशी खेळाडूच्या देशाचा अमेरिकेशी तसा करार नसेल, तर 30 टक्के कर बक्षीस देतानाच कापला जातो. यातलं काहीही निकालाच्या पानावर दिसत नाही.

आणि स्टू उंगर. हे नाव लिहिताना मला अजून जड जातं. त्याच्याइतका हुशार पत्तेबाज झाला नाही, असं जुने लोक सांगत. 1980, 1981 आणि मग 1997, असा तीन वेळा तो मेन इव्हेंट जिंकला. 1997 साली त्याच्याकडे फी भरायलाही पैसे नव्हते. बिली बॅक्स्टर या दुसऱ्या नामवंत खेळाडूने ती भरली आणि 10 लाखांचं बक्षीस दोघांत निम्मं झालं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात उंगर लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलच्या खोलीत मरण पावला. अमली पदार्थांनी शरीर पोखरलं होतं. जवळ काहीशे डॉलर होते. भाऊ त्या वाटेने जाईल असं मी म्हणत नाही. पण यादीत उंगरच्या नावापुढे आजही फक्त विजयच दिसतात, आणि तुमचा भाऊ यादीच बघतो आहे.

आता मी डोळ्यांनी पाहिलेलं एक सांगते. बक्षिसाची रेषा, म्हणजे जिच्या पुढे टिकणाऱ्यांनाच पैसे मिळतात ती, जवळ आली की 'हँड फॉर हँड' सुरू होतं. प्रत्येक टेबलावर एकच डाव वाटायचा, तो संपला की डीलरने उभं राहायचं आणि सगळी टेबलं संपेपर्यंत थांबायचं. शेकडो टेबलांमागे डीलर उभे, आणि इतक्या मोठ्या दालनात चिप्स वाजवल्याचा तेवढा आवाज. एका वर्षी माझ्या टेबलावर सात नंबरला एक पन्नाशीचा माणूस होता. त्याच्यासमोर चिप्सचा ढीग नव्हता, चारपाच चिप्स होत्या. डाव आला की तो पत्त्यांची कड अंगठ्याने जेमतेम उचलायचा आणि बघितलं न बघितलं करून, डाव सोडून, माझ्याकडे सरकवायचा. एकदा त्याचे पत्ते माझ्या हाताखालून गोळा करताना उलटले. दोन राजे होते, सुरुवातीला मिळू शकणाऱ्या सर्वांत भारी पत्त्यांपैकी. त्याने दोन राजे टाकले होते, कारण तो डाव हरला असता तर रेषेच्या एक पाऊल अलीकडे बाद झाला असता. पत्ते उलटले ही माझी चूक होती. मी लगेच झाकले, फ्लोअरच्या माणसाला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, बोलावून सांगितलं. टेबलावर कोणीही काही बोललं नाही.

थोड्या वेळाने रेषा ओलांडली, सगळं दालन उठून टाळ्या वाजवू लागलं आणि तो माणूस तोंड झाकून रडला. पुढच्या काही डावांतच तो बाद झाला. 15,000 डॉलर. जाताना त्याने माझे आभार मानले आणि सांगितलं, 'सात वर्षं येतोय. पहिल्यांदा काही मिळालं.' म्हणजे फीचे 70,000, आणि मिळाले 15,000. निकालाच्या पानावर त्या वर्षी त्याचं नाव आहे, आणि ज्याला त्याची आधीची सहा वर्षं माहीत नाहीत, त्याला तो जिंकलेला माणूस वाटेल. तो सुखी दिसत होता, हेही मी सांगितलं पाहिजे. तो दुकानदार होता, पोट या खेळावर नव्हतं. वर्षाकाठी एवढे पैसे हौसेला बाजूला काढायचा.

म्हणून भावाला 'सोड तो खेळ' म्हणू नका. दोन रकाने आखलेली वही द्या. नोकरी चालू ठेवून वर्षभर त्याने एकेक स्पर्धा लिहावी : भरलेली फी, पुन्हा भरलेली फी, आलेलं बक्षीस, लागलेले तास. हरलेला दिवस लिहायचा राहिला तर वही बाद. दर महिन्याला तुम्हाला दाखवावी, आईवडिलांना नको. वर्षानंतरही वही फायद्यात असेल, तरी स्पर्धांमध्ये एका वर्षाने फार काही ठरत नाही, कारण एकच मोठं बक्षीस सगळं चित्र पालटून टाकतं. मग आणखी एक वर्ष. वही लिहायलाच तो टाळाटाळ करू लागला, किंवा उसने पैसे घेऊन खेळतो आहे असं दिसलं, तर मात्र थांबू नका. तेव्हा प्रश्न पत्त्यांचा राहत नाही, व्यसनाचा होतो, आणि त्यासाठी समुपदेशकाकडे जायला हवं. मला पुन्हा लिहा. छापायला नको असेल तर तसं कळवा.

प्रश्न : दश्शी आणि दुर्री या हाताला 'डॉयल ब्रन्सन' का म्हणतात? हात तर अगदीच फुटकळ.

फुटकळच आहे. पण 1976 आणि 1977, लागोपाठ दोन वर्षं ब्रन्सनने मेन इव्हेंटचा शेवटचा डाव याच दोन पत्त्यांवर जिंकला, आणि दोन्ही वेळा त्याचं फुल हाउस झालं, तीन दश्श्या आणि दोन दुर्र्या. या मालिकेतली स्पर्धा जिंकणाऱ्याला ब्रेसलेट मिळतं, त्याची एकूण दहा झाली. 2023 साली तो गेला. माझ्या टेबलावर कोणी दश्शी-दुर्रीवर जिंकलं की सगळे त्याचं नाव घ्यायचे, ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं तेसुद्धा.

प्रश्न : 2025च्या 'मिलियनेअर मेकर' स्पर्धेला विजेताच नाही असं वाचलं. शेवटी दोघं उरल्यावर विजेता नाही, हे कसं शक्य आहे?

या प्रकाराने मी फार अस्वस्थ झाले होते. 1,500 डॉलर फीची ही स्पर्धा. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसातला फरक अडीच लाख डॉलरच्या घरातला. पण शेवटच्या दोघांपैकी एकाला, तो जिंकला तर, दुसऱ्याच एका कंपनीच्या जाहिरात योजनेतून आणखी 10 लाख मिळणार होते. मग असं दिसू लागलं, की मोठी आघाडी असलेला खेळाडू चांगले हात टाकून देतोय आणि चिप्सचा ओघ समोरच्याकडे वाहतोय. प्रक्षेपण चालू होतं, लोक बघत होते. आयोजकांनी चौकशी करून ठरवलं : विजेता नाही, ब्रेसलेट नाही, दोघांचं उरलेलं बक्षीस निम्मं निम्मं.

मला निर्णय योग्य वाटतो. ब्रेसलेट 1976पासून दिलं जातं आणि त्याची किंमत सोन्यावर ठरत नाही, समोरचा तुम्हाला खरोखर हरवायला बसला होता यावर ठरते. बाहेरच्या पैशाने तेवढंच नासतं. आदल्या वर्षी, 2024च्या मेन इव्हेंटच्या अंतिम टेबलाजवळ विजेत्याच्या मित्रांकडे असलेला लॅपटॉप गाजला होता, कारण त्यावर बघून ते त्याला सल्ला देतात असा आक्षेप होता. त्यावेळी शिक्षा झाली नाही, पण पुढच्या वर्षी उपकरणांचे नियम कडक झाले. खेळ मोठा झाला की कायद्याचं पुस्तक जाड होतं. 1970 साली बेनी बिनियनच्या हॉर्सशू कसिनोत पहिली सिरीज भरली, तेव्हा अंतिम डावच नव्हता. खेळाडूंनीच मतं देऊन जॉनी मॉसला विजेता ठरवलं. हातावर मोजण्याएवढे लोक, सगळे एकमेकांना ओळखणारे. पुढच्या वर्षीपासून शेवटचा उरेल तो विजेता, हा आजचा प्रकार आला.

प्रश्न : निकालांत आपली नावं कुठे दिसतात?

दिसतात, आणि वाढताहेत. 2018 साली निकिता लूथर ब्रेसलेट जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. ती जोडीने खेळायची स्पर्धा होती, त्यामुळे निकालात तिच्यासोबत जुझेप्पे पांतालेओचं नाव आहे आणि बक्षीसही दोघांचं. 2019 साली अभिनव अय्यर जिंकला. 2024 साली संतोष सुवर्णाने अडीच लाख डॉलर फीची सुपर हाय रोलर जिंकली, बक्षीस 54 लाखांवर. तिथेही फीचा आकडा आधी वाचा, बक्षिसाचा नंतर.

प्रश्न : अंतिम टेबलावर बायका का दिसत नाहीत?

मेन इव्हेंटपुरतं सांगते. 1995 साली बार्बरा एनराइट पाचवी आली. त्यानंतर शेवटच्या नऊ जणांत दुसरी बाई बसायला 30 वर्षं लागली : 2025, स्पेनची लिओ मार्गेट्स, सातवी, 15 लाख डॉलर. ती बसली त्या दिवशी मी काम सोडून प्रक्षेपण बघत होते. कारण विचाराल तर, टेबलावर येणाऱ्याच कमी असतात. नऊ जणांच्या टेबलावर एक बाई, कित्येकदा एकही नाही. ज्या यायच्या, त्यांना समोरचे पुरुष पहिल्या तासाभरात उगाचच शिकवायला लागायचे. डीलरने तोंड उघडायचं नसतं. मला ते गप्प बसणं सगळ्यांत कठीण जायचं.

प्रश्न : टीव्हीवर मध्येच खेळ थांबवून डीलरने छोट्या चिप्स गोळा केल्या आणि त्या चिप्सवरच पत्ते वाटले. हा काय प्रकार?

त्याला चिप रेस म्हणतात. ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक डावाआधी सक्तीने लावायच्या चिप्स, वाढत गेले की छोट्या चिप्सचा उपयोग राहत नाही, म्हणून त्या काढून मोठ्या द्यायच्या. समजा 100च्या चिप्स जाऊन 500च्या ठेवायच्या आहेत. पाच पाचचे गठ्ठे बदलले की कोणाकडे एक, कोणाकडे तीन, अशा सुट्या उरतात. त्या पुढे घ्यायच्या. मग पहिल्या खुर्चीपासून प्रत्येकाला सुट्या चिपमागे एक पत्ता, उघडा. सर्वांत मोठा पत्ता ज्याचा, त्याला मोठी चिप. एकाला एकच. पत्ते सारखे आले तर इस्पिक वर, मग बदाम, चौकट, किलवर. आणि यात कोणी बाद होत नाही. एखाद्याकडे तेवढीच सुटी चिप असेल आणि रेस तो हरला, तरी त्याला एक मोठी चिप द्यायचीच.

हे मी एकदाच प्रत्यक्ष केलं आहे. एक पोरगेलासा खेळाडू होता, आधीच्या डावात सगळं गेलं होतं, समोर 100ची एक चिप. त्याला चौकटची तिर्री आली. तो उठून खुर्ची मागे सारू लागला. मी नियमाप्रमाणे 500ची एक चिप त्याच्यासमोर ठेवली आणि बसायची खूण केली. त्याला नियम माहीत नव्हता. तो चिपकडे बघतच राहिला. पुढच्या डावात ती आत गेली आणि जिंकली, मग आणखी एकदा. अर्ध्या तासाने पुढच्या डीलरने माझ्या खांद्याला हात लावला, मी टाळी वाजवून रिकामे तळवे दाखवले आणि उठले. तेव्हा त्याच्यासमोर एक बऱ्यापैकी ढीग होता. त्याचं नाव मला बिल्ल्यावरून कळलं होतं. निकाल लागल्यावर मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. त्यात ते नव्हतं.